वीस फुटांचं पान

हेमा, तुझ्या दहाव्याला कावळा पहिल्या फटक्यात शिवला आणि मला ते पटलं नाही.

तुझा नवरा नितीन पिंड ठेवून चार पावलं मागे सरतोय तोवर कावळा खडकावर उतरला, भात उचलला आणि उडालासुद्धा. "सुटली गो माझी बाय, कशात जीव नव्हता ठेवला," तुझी मावशी म्हणाली. बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी घड्याळं बघितली. नितीनचे खांदे सैल झालेले मला मागूनही दिसले. मी एकटाच तिथे उभा राहून मनात म्हणत होतो, असं कसं? आपल्या दोघांतलं एक प्रकरण बारा वर्षं अर्धवट पडलंय. निदान दहा मिनिटं तरी त्याने घिरट्या घालायच्या. मग रीतीप्रमाणे कोणीतरी विचारलं असतं, कोणाचं काय राहिलंय का, आणि कदाचित मी पुढे झालो असतो. तू तेवढी संधी ठेवली नाहीस. की मुद्दाम ठेवली नाहीस?

हे असं आहे बघ. तू गेलीस तरी माझी संशय घ्यायची खोड गेलेली नाही.

तुझ्या बोरिवलीच्या ॲनिमेशनच्या क्लासातली मुलं तुझ्या आठवणींचा एक अंक काढतायत. त्यातल्या एका मुलीने मला फोन केला. "सर, तुम्ही मॅडमसोबत सगळ्यात आधी काम केलंत ना? काहीतरी छान लिहा. त्या हसवायच्या ना, तसं." मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि त्या पानाबद्दल नक्की लिहा. मॅडम दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायच्या."

मी विचारलं, "काय सांगायच्या?"

"हेच, की त्यांचं पान एकदाच बरोबर पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून पडेना. का ते त्यांना कधीच कळलं नाही. म्हणून त्या म्हणायच्या, आधी स्वतःच्या कामावर संशय घ्या, मग कंप्युटरवर."

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. हेमा, तुझ्या कामात खोट नव्हती. खोट कुठे होती ते मला माहीत आहे, आणि दहा वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तेव्हा छान काही लिहिणार नाही. जे आहे ते लिहितो. मुलं छापतील न छापतील.

अंधेरीचा आपला गाळा. तिसरा मजला, खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, शेजारी औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावणारे, मधे आपण सात जण आणि एक एसी, जो मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हे. मालक घाटकोपरचे किरीटभाई. बिल्डरांना त्यांच्या न बांधलेल्या इमारती कंप्युटरवर आतून-बाहेरून फिरवून दाखवायच्या, हा आपला रोजचा धंदा, आणि वर्षातून कधीतरी परदेशातलं एखादं बरं काम. त्या वर्षी ते काम आलं ते पानाचं. लहान मुलांच्या मालिकेची सुरुवात होती. झाडावरून एक पान सुटतं आणि अकरा सेकंदांनी जमिनीला टेकतं. बस, एवढंच. पुढे बारा भागांत अशीच पानं पडणार होती, म्हणून त्यांची अट अशी की पान हाताने, एकेका चित्रात जागा ठरवून, हलवलेलं नको. कंप्युटरने स्वतः पाडलेलं हवं, म्हणजे तीच मांडणी पुन्हापुन्हा चालवता येईल.

कंप्युटरला पान कळत नाही. कापड कळतं. म्हणून आपण पानाच्या आकाराचं कापड बनवून त्याला सांगायचो: याचं वजन इतकं, ताठपणा इतका, हवा इतकी अडवेल, आता सोड. पहिले तीन आठवडे ते काम माझ्याकडे होतं, हे तू मुलांना सांगितलं नसशील. तीन आठवडे मी पान सोडत होतो आणि हातरुमाल पडत होता. ताठपणा वाढवला की पत्रा पडायचा. किरीटभाई मागे येऊन उभे राहायचे, "सावंत, हा रुमाल आहे यार," म्हणायचे आणि निघून जायचे. चौथ्या सोमवारी त्यांनी काम तुला दिलं. मी म्हटलं, चालेल.

मला ते चाललं नव्हतं. मी तुझ्याहून सहा वर्षांनी जुना. आणि खरं लिहायचं तर, तू बाई होतीस. हे मी त्या वेळी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

तू पहिले चार दिवस मशीन चालूच केलं नाहीस. फाटकाजवळच्या जंगली बदामाची पानं गोळा केलीस, लाल झालेली, अर्धी सुकलेली, पार वाळलेली. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एकेक करून सोडायचीस आणि खाली मी मोबाईलवर शूट करत उभा. टेम्पो भरणारे भय्ये आधी हसले, मग त्यांनी पैजा लावल्या, कुठलं पान कुठे पडेल त्याच्या. वॉचमन वैतागला, "मॅडम, झाडू कोण मारणार?" तू वरून ओरडलीस, "झाड पण मीच लावलंय का?"

मग तू ते पान वेसाव्याला नेऊन तुमच्या सोनाराच्या काट्यावर वजन करून आणलंस. पावणेदोन ग्रॅम. सोनाराने विचारलं म्हणे, "घडणावळ किती लावू?" दुसऱ्या दिवशी तू हे सांगितलंस तेव्हा अख्खा गाळा हसला. मीही हसलो. पण मनात आलं, हिला माझ्या तीन आठवड्यांची लाज काढायचीय.

कोणीतरी म्हणालं होतं, कोळ्याची पोर, शिडातलं वारं रक्तातच असणार. तू उसळलीस. "माझ्या बापाची बोट डिझेलवर चालते. शीड मी पण कॅलेंडरवरच बघितलंय." आणि मग माझ्याकडे वळून, "तू काय तिथे कोपऱ्यात हसतोस? मालवणी माणूस आणि गजाली करत नाही. रक्त तपासून घे रे."

एक वाद आपला कायमचा. मी म्हणायचो, हाताने हलवलेलं पान जास्त खरं दिसतं. तू म्हणायचीस, "हाताने केलेलं पान तुझ्यासारखं दिसतं सावंत. विचार करून पडतं." मी विचारलं, मग खरं पान कसं पडतं? "टाळाटाळ करत. त्याला खाली जायचंच नसतं. पण ते ठरवून टाळत नाही ना. त्याचं अंगच तसं असतं. मधली शीर ताठ, कडा मऊ, देठ जड. तू त्याला अंग दे फक्त. पडायचं ते बघून घेईल."

पुढच्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी तू सगळ्यांना बोलावलंस. पान सोडलंस. अकरा सेकंद कोणी बोललं नाही, मग किरीटभाईंनी टाळी वाजवली. वेफर्स आले. सगळे तुझ्या खुर्चीभोवती, आणि मी मागे. माझी नजर पानाच्या शेवटच्या क्षणावर अडकली होती. जमिनीच्या जरा वर ते पान थांबलं होतं. क्षणभरच. इतकं सुंदर थांबलं होतं, की मला खात्री पटली, हे कंप्युटरने केलेलं नाही. हा थांबा हाताने घातलाय. तू अट मोडलीस आणि खोटं बोलतेस. मुलुंडपर्यंत बसमध्ये मी तेवढाच विचार केला. घरी बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." माझं हे उत्तर तुला पाठ होतं.

शुक्रवारी तू डबा घेऊन खाली गेलीस तेव्हा मी माझ्या मशीनवरून तुझी फाईल उघडली.

इथे मुलांना समजेल असं लिहितो. प्रत्येक मशीनचं एक माप ठरलेलं असतं. तुझ्या मशीनचं माप सेंटीमीटर. माझ्या मशीनवर मुलुंडच्या एका टॉवरचं काम चाललेलं आणि बिल्डरची दुनिया फुटात चालते, म्हणून माझं माप फूट. फाईल उघडली की एक चौकट येते: या फाईलचं माप तुमच्या मापाशी जुळत नाही, काय करू? ती चौकट आपण दिवसातून दहादा बघायचो आणि कोणीच वाचायचं नाही. चौकट आली की एंटर, मग त्या मशीनवर आधीपासून निवडलेलं उत्तर लागू व्हायचं. माझ्या मशीनवर ते 'मशीनचं माप लाव' असं होतं, आणि मी एंटर दाबला. तुझं वीस सेंटीमीटरचं पान वीस फुटांचं झालं. त्याच्यासोबत झाड, जमीन, कॅमेरा, सगळंच त्याच प्रमाणात मोठं झालं, त्यामुळे पडद्यावर तसूभर फरक दिसला नाही. आकडा तोच, वीस.

मग तू साठवून ठेवलेलं पडणं मी पुसलं, कारण मला ते माझ्या डोळ्यांसमोर नव्याने पडताना बघायचं होतं. चालवलं. पान मांडवाचं कापड सुटावं तसं लोंबत, हेलकावत आलं. थांबा नाही, काही नाही. मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला आनंद झाला. सापडलीस, असं वाटलं. आणि सवयीने मी फाईल सेव्ह केली. आपल्याकडे फ्यूज उडायचा ना सारखा, बोटं आपोआप जायची.

मी किरीटभाईंच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "एकदा तिला सगळ्यांसमोर नव्याने चालवून दाखवायला सांगा. बाहेर पाठवायच्या आधी." एवढंच. नाव घेतलं नाही, आरोप केला नाही. मितभाषी माणसाला याचा फार फायदा असतो हेमा. तो चार शब्दांत काम करतो आणि लोक त्याला सभ्य म्हणतात.

तू जेवून आलीस. आम्ही सहाही जण उभे होतो. तू सहज बसलीस, फाईल उघडलीस, चालवलीस. मांडव पडला. तू हसलीस, "थांबा, थांबा, काहीतरी गडबड आहे." पुन्हा मांडव. तू एकेक आकडा वाचायला लागलीस, मोठ्याने, वजन, ताठपणा, हवा. सगळे आकडे जागच्या जागी. तुझा आवाज चढत गेला. "काल तुम्ही बघितलंत ना? तुम्हीच बघितलंत ना सगळ्यांनी?" किरीटभाई म्हणाले, "बघितलं ना. हाताने केलेलं पण असंच दिसतं, हेमा." आणि तू एकदम गप्प झालीस. तुला गप्प झालेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

तुझ्या मशीनवरही ती चौकट आली असणार आणि तूही एंटर दाबला असशील; तुझ्याकडचं उत्तर 'फाईलचं माप ठेव' होतं, म्हणून फूट तसेच राहिले. किती वर्षं मी याच विचारावर तग धरून होतो. की चूक तुझीही झाली. तूही वाचलं नाहीस.

काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी पान हाताने हलवलं, परदेशातल्यांना थापा मारून गळ्यात घातलं, बारा भाग तसेच ढकलले. ज्या गोष्टीसाठी तुला खोटं ठरवलं, तीच मी केली, आणि दिवाळीनंतर किरीटभाईंनी मला सगळ्यांचा प्रमुख केलं. तुला पुन्हा बिल्डरांच्या इमारती. स्वयंपाकघरात नळ बसव, गॅलरीत कुंड्या ठेव.

त्या शुक्रवारनंतरच्या आठवड्यात कधीतरी जिन्यात तू मला थांबवलंस. "सावंत, खरं सांग. माझी फाईल उघडली होतीस?"

"नाही गं."

तू बघत राहिलीस. मग "बरं," म्हणालीस आणि उतरून गेलीस. तुझं ते 'बरं' मी बारा वर्षं उलटंपालटं करून बघतोय. विश्वास ठेवून म्हणालीस की सोडून दिलंस म्हणून?

हे सगळं मी त्या माणसाशी केलं, ज्याने माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस माझं काम स्वतःचं काम संपवून केलं होतं. मी चौदाव्या दिवशी आलो तर टेबलावर सगळं तयार. मी आभार मानायला तोंड उघडलं तर तू म्हणालीस, "भाषण नको. चहा सांग." किरीटभाईंना पत्ताही लागू दिला नव्हतास. तेव्हाही बसमध्ये माझ्या मनात आलं होतंच, हिने हे का केलं असेल. मला माणसाचं चांगलं सरळ घेताच येत नाही. तुझं चांगलं तर नाहीच नाही.

आठ महिन्यांनी तू नोकरी सोडलीस आणि बोरिवलीला शिकवायला लागलीस. त्यानंतर साधारण वर्षाने ती चौकट पुन्हा माझ्यासमोर आली, कुठल्यातरी दुसऱ्याच फाईलवर. माझ्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. एंटर दाबता येईना, म्हणून मी ती वाचली. पहिल्यांदा, पूर्ण. ग्लास खाली ठेवेपर्यंत मला सगळं कळलं होतं. तुझी जुनी फाईल काढली, माप फुटाचं सेंटीमीटर केलं, चालवलं. पान पडलं. थांब्यासकट. त्या थांब्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. शेवटचा झोका संपताना पान बरोबर आडवं व्हायचं, त्याच्या पोटाखाली सगळी हवा एकदम अडायची, म्हणून ते थांबायचं. तू म्हणाली होतीस तसं. त्याला अंग दिलं होतंस, बाकीचं त्याने बघितलं.

मी ते किती वेळा चालवलं ते मोजलं नाही. तुझा नंबर लावला. तू उचललास, मागे पोरांचा गोंधळ चाललेला. "बोल सावंत! जिवंत आहेस?" मी म्हटलं, "सहजच केला."

पुढे सगळं सहजच. तू वर्षातून दोनदा सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन यायचीस, माझी बायको खूश. मी पिशवी हातात घेताना तुझा चेहरा बघायचो. हिला कळलंय का? कळलंय म्हणून येते, की कळलं नाही म्हणून? शिमग्याला घरी बोलावलंस, नितीनला म्हणालीस, "हा सावंत, माझा गुरू, गाळ्यातला सगळ्यात सज्जन माणूस." टोमणा होता का गं? तू दर भेटीत एक प्रश्न विचारायचीस, "बोल, काय नवीन?" आणि विचारून थांबायचीस, जरा जास्तच. मला वाटायचं तो थांबा माझ्यासाठी आहे. आता त्या मुलीचं बोलणं ऐकल्यावर वाटतं, तुला काहीच माहीत नव्हतं. तू खरंच दर वर्षी नव्या पोरांसमोर उभी राहून सांगत होतीस की तुझ्या हातून एकदा काहीतरी बरोबर झालं आणि का ते तुला कळलं नाही. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

हॉस्पिटलात मी ठरवून आलो होतो. सफरचंदं आणली होती, जी तुला खायची मनाई होती. नितीन औषधं आणायला खाली गेला. तू म्हणालीस, "तुला काहीतरी बोलायचंय."

"नाही."

"मग ते सफरचंद काप. तूच खा. माझ्यासमोर बसून खा, मला बघायचंय."

मी अख्खं सफरचंद खाल्लं. तू बघत होतीस, हसत होतीस, मधेच डोळे मिटत होतीस. एका सफरचंदाला किती वेळ लागतो? तेवढा वेळ माझ्याकडे होता.

तेराव्यानंतर मी वेसाव्याला गेलो आणि नितीनला सांगितलं. सगळं, चौकटीपासून चहाच्या ग्लासापर्यंत. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. त्याचं लक्ष आहे की नाही तेही कळेना, तो अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढून घडी घालत होता. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ती त्या रात्री घरी येऊन म्हणाली होती, माझ्या फाईलला कोणीतरी हात लावलाय."

मी दोरीवरचा एक टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

"मी म्हटलं, तुझा स्वभावच संशयी आहे. पुढचे सहा महिने ती म्हणत होती आणि मी तेच उत्तर देत होतो. मग तिने म्हणायचं बंद केलं." त्याने घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला. "मला वाटलं, पटलं तिला."

मग मी माफी मागितली. खूप वर्षं तयार करून ठेवलेली. नितीनने ती ऐकूनही घेतली नाही. "मला कशाला सांगतोस रे? मी काय तिथे होतो? जिथे तिला खोटं पाडलंस तिथे जाऊन सांग."

"गाळा बंद झालाय, नितीन. तिथे आता कुरिअरवाले आहेत."

"माणसं मेलीत का सगळी?"

नव्हती. तू आणि मी सोडून पाच. मी पाचही नंबर मिळवले, आठवडा गेला. एकजण आता ठाण्यात फ्लॅट विकतो, तो म्हणाला, "सोड ना यार, जुनी गोष्ट." एकजण रडली. ती तुला भेटायची अधूनमधून, तिला तू गेल्याचं माहीत होतं. एकाने शिवी दिली, मला जराशी बरी वाटली. कॅनडातला म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं," आणि मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तर तो म्हणाला, "तू का नाही बोललास?"

किरीटभाईंना मी शेवटी ठेवलं होतं. काल सकाळी अकराला फोन लावला. पंचाहत्तरी उलटली आहे, आवाज अजून खणखणीत.

"अरे सावंत! किती वर्षांनी! कसा आहेस?"

"किरीटभाई, हेमाबद्दल बोलायचंय."

"कोण हेमा?"

"हेमा तांडेल. वेसाव्याची. आपल्याकडे होती."

"हां, हां... ती बोंबील आणायची ती? तिचं काय?"

"तिच्या पानाबद्दल."

"कसलं पान?"

बारा वर्षं मी या माणसासमोर कबुली देण्याची भीती बाळगली आणि त्याला गुन्हाच आठवत नव्हता. म्हणाला, "सावंत, आपण हजार वस्तू बनवल्या रे. आणि आता काय, एक ओळ टाईप केली की पान पडतं, माझा नातू करतो." मला फोन ठेवता आला असता. पाच जणांना सांगायचं होतं, चार जणांना सांगून झालं होतं. पण ज्याने सगळ्यांसमोर तुला तसं म्हटलं, त्यालाच आठवत नसेल तर त्याने ते परत कसं घ्यायचं? आधी त्याला तुझं पान दिसायला हवं होतं.

तेव्हा मी सांगायला लागलो. तुला माहीत आहे मी किती बोलतो ते. काल मी बोललो.

"किरीटभाई, डोळे मिटा. बदामाचं पान आहे, एका कडेला लाल, दुसरीकडे अजून हिरवट. फांदीवरून सुटतं तेव्हा आधी काहीच करत नाही, नुसतं देठाकडून खाली झुकतं. मग डावीकडे घसरतं, लांब, घसरगुंडीवरून घसरावं तसं. घसरता घसरता टोक वर उचलतं, क्षणभर त्याची पाठ दिसते, फिकट. पाठीवरची शीर दिसते. मग उजवीकडे, पण आधीइतकं लांब नाही. मधेच देठाभोवती एक पूर्ण गिरकी घेतं, तिथे मऊ कडा जरा मागे राहते, वळल्यावर सावकाश येऊन मिळते. पुन्हा डावीकडे. जमीन आली असं आपल्याला वाटतं. तेव्हा ते थांबतं, किरीटभाई. वीतभर वर, सपाट. खाली काहीच नसतं त्याला धरायला. आपण श्वास रोखतो. मग देठ टेकतो, मग एक बाजू, आणि दुसरी बाजू जरा वेळाने, मनाविरुद्ध टेकावी तशी."



"मी टाळी वाजवली होती," किरीटभाई म्हणाले.

"हो."

"वेफर्स मागवले होते. मग... मग ते खोटं निघालं ना?"

"खोटं नव्हतं," मी म्हटलं. आणि माझ्या मशीनचं माप, ती चौकट, शुक्रवारची जेवणाची सुट्टी, केबिनमधलं माझं एक वाक्य, सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा थांबवून विचारलं, फूट म्हणजे नक्की काय झालं, आणि मी दोनदा पहिल्यापासून समजावलं. त्यांना पूर्ण कळेपर्यंत मी सोडलं नाही.

"म्हणजे ती बरोबर होती."

"ती बरोबर होती."

"आणि मी तिला सगळ्यांच्या समोर..." ते खुर्चीतून उठल्याचं मला ऐकू आलं. कोणालातरी हाक मारून त्यांनी गुजरातीत पेन आणि कागद मागितला. "सावंत, नंबर दे तिचा. आत्ताच दे. मला तिच्याशी बोलायचंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं हेमा, तू गेलीस हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.